अर्थ लक्षात राहतो, शब्द मात्र राहत नाही : भाषा विकार असलेल्या मुलाला नवे शब्द कसे शिकवावेत?

प्रश्न : विश्रामबागची आई

सर्वांना नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. माझा मुलगा येत्या श्रावणात सहा वर्षांचा होईल. दोन वर्षांचा असताना तो जेमतेम दहा-बारा शब्द बोलत असे, परंतु ‘याचे काकाही चौथ्या वर्षापर्यंत मुकेच होते, आता बघा कसे बोलतात’ असे घरातल्या थोरांनी सांगितल्यामुळे आम्ही निश्चिंत राहिलो आणि हातची दोन वर्षे गेली. पुढे बालवाडीच्या ताईंनी लक्षात आणून दिल्यावर मिरजेत तपासण्या केल्या. ऐकू नीट येते, मुलांत खेळणे-मिसळणे वयाला साजेसे आहे, बुद्धीही ठीक आहे, फक्त भाषा मागे आहे, असे निष्पन्न झाले आणि विकासात्मक भाषा विकार, म्हणजे डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, असे निदान लिहून मिळाले. आता आठवड्यातून एकदा स्पीच थेरपी चालू आहे.

आमची मुख्य अडचण नव्या शब्दांची आहे. माझे सासरे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. ते नातवाला हरिपूरला घेऊन गेले आणि तिथले हळद साठवण्याचे जुने पेव त्यांनी त्याला दाखवले. मुलगा हरखून गेला. घरी आल्यावर ‘जमिनीत मोठ्ठा खड्डा, तोंड बारीक, पोट मोठं, आत हळद’ हे सगळे त्याने हातवारे करून मला सांगितले. शब्द मात्र त्याला आठवेना. आजोबांनी तो तीन-चार वेळा सांगितला, त्यानेही मागोमाग म्हटला, आणि सकाळी पुन्हा ‘ते हळदीचं, खालचं’ असेच म्हणाला. महिना झाला तरी तीच गत आहे. वस्तूचे सगळे बारकावे लक्षात राहतात आणि दोन अक्षरी नाव राहत नाही, हे मला उलगडत नाही.

शाळेने दर आठवड्याला दहा शब्दांची यादी दिली आहे. ती मी फ्रिजवर लावते, रोज संध्याकाळी त्याच्याकडून म्हणवून घेते, आणि शुक्रवारी त्यातला एखाददुसराच शब्द शिल्लक असतो. हल्ली यादी दिसली की तो दुसऱ्या खोलीत निघून जातो. एकेक शब्द किती वेळा सांगावा लागतो? एका वेळी किती शब्द घ्यावेत? शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे ‘घरीही इंग्रजीच बोला, दोन भाषांनी मूल गोंधळते’ असे तिथे सांगण्यात आले आहे, ते ऐकावे का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : वाचाउपचार, मिरज

ताई, मी गेली अनेक वर्षे याच क्षेत्रात काम करते. मुलाला न पाहता त्याच्याविषयी ठाम बोलणे योग्य होणार नाही, परंतु तुम्ही पेवाचा जो प्रसंग लिहिला आहे तो इतका नेमका आहे की त्यावरच उत्तर देते.

शब्द शिकणे ही एक गोष्ट नसून त्यात किमान दोन कामे असतात. वस्तू काय आहे, कशासाठी आहे, कशासारखी दिसते हे मनात साठवणे हे एक काम, आणि ‘पे’ व ‘व’ हे ध्वनी याच क्रमाने पक्के साठवून त्या वस्तूशी जोडणे हे दुसरे. तुमच्या मुलाचे पहिले काम उत्तम झाले आहे. अडले आहे ते दुसरे, आणि या विकारात अनेक मुलांचे ते तिथेच अडते. निरर्थक पण लांबलचक शब्द ऐकवून ते जसेच्या तसे म्हणायला सांगितले तर या मुलांना ते समवयस्कांपेक्षा बरेच जड जाते, असे सुझन गॅदरकोल आणि ॲलन बॅडली यांनी 1990 साली दाखवले. कानावर पडलेला नवा ध्वनिक्रम काही क्षण मनात धरून ठेवण्याची ताकद कमी पडते, त्यामुळे मनात उमटणारा शब्दाचा पहिला ठसाच पुसट असतो.

येथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. पालक म्हणतात की मूल ‘विसरते’. कार्ला मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून वेगळेच चित्र पुढे आले आहे. शब्द एकदा नीट शिकला गेला, तर तो टिकवून ठेवण्यात या व्यक्ती इतरांपेक्षा फारशा मागे पडत नाहीत; कमतरता प्रामुख्याने पहिल्या साठवणीत असते. तेव्हा तुमच्या मुलाकडून पेव हा शब्द हरवलेला नाही. तो पुरता आत गेलेलाच नव्हता. हा फरक समजला की उपायही बदलतो.

इतर मुलांचे कसे असते तेही सांगते. 1978 साली सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना खेळाच्या ओघात ऑलिव्ह रंगाचा ट्रे ‘क्रोमियम’ म्हणून आणायला सांगितला, ‘निळा नको, क्रोमियम आण’ एवढेच. शिकवणी काही नव्हती. तरीही पुढे कित्येक मुलांच्या मनात त्या शब्दाची काही ना काही खूण राहिलेली दिसली. शब्दाचा पूर्ण अर्थ सावकाशच बसतो, पण पहिली खूण एकदोन वेळा ऐकून पडते. ज्या मुलाची ही पहिली खूण पडायलाच वेळ लागतो, त्याच्यासाठी दहा शब्दांची साप्ताहिक यादी म्हणजे दहा पुसट ठसे एकमेकांवर उमटवण्यासारखे आहे.

आकडा विचारलात म्हणून सांगते. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात हॉली स्टॉर्केल यांच्या गटाने तुमच्या मुलाच्याच वयाच्या, भाषा विकार असलेल्या मुलांना गोष्टीची पुस्तके वाचून दाखवताना नवा शब्द 12, 24, 36 किंवा 48 वेळा ऐकवून पाहिला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 36 ही मात्रा पुरेशी ठरली. त्याहून वाढवून विशेष लाभ दिसला नाही. मात्र ही उजळणी म्हणजे एका बैठकीत 36 वेळा घोकणे नव्हे. पुस्तक अनेक बैठकांत फिरून फिरून वाचले जाते, शब्द गोष्टीत येतो, त्याचा सोपा अर्थ सांगितला जातो, जवळचा दुसरा शब्द दिला जातो, वेगळ्या वाक्यात तो पुन्हा भेटतो. काही मुलांना इतके करूनही थोडेच शब्द आले, हेही त्याच अभ्यासात नोंदलेले आहे, म्हणून 36 ही हमी समजू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. मुलाला शब्द ऐकवणे आणि त्याच्याकडून तो आठवून घेणे यांत फार अंतर आहे. पर्ड्यू विद्यापीठातील लॉरेन्स लेनर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली बालवाडीच्या वयाच्या मुलांवर याची पडताळणी केली. काही शब्द मुलांना नुसते पुन्हा पुन्हा ऐकवले, आणि काही शब्दांच्या बाबतीत मध्ये दुसरे शब्द घालून, थोड्या अंतराने, ‘याला काय म्हणतात’ असे विचारून आठवायला लावले व लगेच बरोबर शब्द पुन्हा सांगितला. आठवड्यानंतर आठवायला लावलेले शब्द अधिक टिकलेले आढळले, आणि हा फायदा भाषा विकार असलेल्या मुलांनाही झाला. तुमच्या घरी जे चालते त्यात मूल मागोमाग म्हणते. मागोमाग म्हणताना आठवावे लागत नाही, कारण शब्द अजून कानात घुमत असतो.

म्हणून यादी आजच फ्रिजवरून काढा. आठवड्याला तीन किंवा चार शब्द पुरेत, आणि ते घरात खरोखर लागणारे असावेत. शब्द प्रथम वाक्याच्या शेवटी, सुटा आणि ठसठशीत येऊ द्या : ‘याला म्हणतात पेव.’ त्याचे ध्वनी टाळ्यांनी सुटे करून दाखवा. पेवाला दोन टाळ्या, हळकुंडाला चार. मग दुसरे काहीतरी बोला, दोन-तीन मिनिटांनी सहज विचारा, नंतर जेवताना, नंतर दुसऱ्या दिवशी. पाच-सहा सेकंद थांबूनही शब्द आला नाही तर ‘पे...’ एवढे सुचवा, तेवढ्यानेही न आल्यास पूर्ण शब्द हसतमुखाने सांगून टाका आणि पुढे जा. ‘अरे, आत्ता तर सांगितला होता’ हे वाक्य घरात कोणीही उच्चारू नये, आजोबांनीही नाही.

मराठीची एक खोच माझ्या अनुभवातून सांगते. आपला शब्द प्रत्येक वाक्यात रूप बदलतो. कोयता, कोयत्याने, कोयत्याला, कोयते, ही आपल्याला एकाच शब्दाची रूपे वाटतात, पण ज्या मुलाचा ध्वनींचा ठसा पुसट आहे त्याला ती चार निरनिराळी वाटू शकतात. पहिले दोन-तीन दिवस मूळ रूपच कानावर पडेल अशी वाक्यरचना करा, मग बाकीची रूपे येऊ द्या.

प्रतिसाद : निवृत्त बाई, सातारा

मी कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून एकतीस वर्षे शिकवले. त्या काळी आम्हाला या विकाराचे नाव ठाऊक नव्हते आणि अशा मुलांना आम्ही ‘लक्ष नाही’ म्हणून मोकळे होत असू, याची आता खंत वाटते. पण एक गोष्ट वर्गात पाहून पाहून कळली होती. ही मुले नामांपेक्षा क्रियापदांत अधिक अडतात. वस्तू समोर ठेवता येते, ती पळून जात नाही. क्रिया मात्र शब्द कानावर पडेपर्यंत होऊन गेलेली असते. मग मूल ‘करणे’ आणि ‘काढणे’ या दोन शब्दांवर सगळा संसार चालवते.

आपल्याकडे तर क्रियापदांचे पेवच फुटलेले आहे. (या वाक्प्रचारातले पेव हे तुमच्या हरिपूरचेच, ताई, मुलगा मोठा झाला की त्याला अवश्य सांगा.) माझ्या शाळेत एक मुलगा होता, तो भुईमुगाच्या हंगामात आईबरोबर रानात जात असे. त्याच्या लेखी वेलही ‘काढायचे’, शेंगाही ‘काढायच्या’ आणि दाणेही ‘काढायचे’. मी त्याला एका शनिवारी शाळेच्या आवारात एक डहाळा, मूठभर शेंगा आणि सूप घेऊन बसवले. वेल उपटतात, शेंगा तोडतात, मग फोडतात, दाणे भाजतात, टरफले पाखडतात, कूट करताना कुटतात. प्रत्येक क्रिया त्याच्या हातून करून घेतली, आणि करण्याच्या किंचित आधी शब्द म्हटला : ‘आता आपण पाखडणार’, आणि मग सूप हातात दिले. क्रिया चालू असताना बोलले तर तो सुपाकडे बघे, माझे बोलणे ऐकत नसे. आधी सांगितले की तो शब्द कानात घेऊन क्रियेची वाट पाही.

तुमच्या घरीही हे करता येईल. मेथी निवडताना, कोथिंबीर खुडताना, वाघ्या घेवड्याच्या शेंगा सोलताना, पीठ चाळताना, ताक घुसळताना त्याला शेजारी बसवा. शहरातल्या स्वयंपाकघरात मिक्सर आल्यापासून निम्मी क्रियापदे गेली, ही माझी नेहमीची तक्रार आहे, पण जी उरली आहेत ती पुष्कळ आहेत.

वरच्या प्रतिसादाबद्दल आदर ठेवून एक शंका मांडते. या मुलांना आधीच दिवसभर ‘हे काय, ते काय’ असे विचारून लोक हैराण करतात. पाहुणे आले तरी परीक्षा सुरू होते. त्यात पुन्हा ‘आठवायला लावा’ असे सांगितले तर पालक मुलाच्या मागे लागणार नाहीत का? तो मुलगा यादी पाहून दुसऱ्या खोलीत जातो, हे विसरू नये.

प्रतिसाद : तासगावचा बाप

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि तिचेही हेच निदान आहे. आम्ही जे पुष्कळ चुकत शिकलो ते सांगतो.

पहिली चूक अशी की आम्ही प्रत्येक शब्द एकाच वस्तूवर शिकवला. आमचे स्वतःचे बेदाण्याचे शेड आहे. ‘बेदाणा’ हा शब्द तिला आला म्हणून आम्ही आनंदलो, पण वाण्याच्या दुकानात काळा बेदाणा दिसला तेव्हा तिने तो ओळखला नाही, आणि शिऱ्यात फुगलेला बेदाणा तर तिच्या लेखी निराळीच वस्तू होती. तिच्यासाठी बेदाणा म्हणजे आमच्या शेडमधल्या जाळीवरचा हिरवट-पिवळा, तेवढाच. तेव्हापासून आम्ही नवा शब्द किमान चार वेगवेगळ्या वस्तूंवर दाखवतो.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. ती अक्षरे ओळखू लागल्यावर आम्ही नव्या शब्दाची चिठ्ठी लिहून वस्तूजवळ ठेवू लागलो आणि फरक स्पष्ट जाणवला. कानाने निसटणारा शब्द डोळ्यांना दिसत राहतो. मराठीत जसे ऐकतो जवळपास तसेच लिहितो, त्याचा इथे उपयोग होतो. शब्द नुसता तोंडी सांगण्यात आम्ही जी दोन वर्षे घालवली त्याची चुटपुट आजही लागते.

इंग्रजीबाबत : आम्हालाही हाच सल्ला मिळाला होता आणि आम्ही तो सहा महिने पाळला. माझे आणि पत्नीचे इंग्रजी बेतास बात. घरात बोलणेच कमी झाले. आजीशी तर मुलीचा संवाद तुटल्यातच जमा झाला. शेवटी थेरपिस्टनेच आमची चांगली कानउघाडणी केली आणि आम्ही मराठीवर परतलो. आकड्यांच्या मात्र फार नादी लागू नका. 36 वेळा मोजत बसलो तर घर म्हणजे वजनकाटा होईल.

प्रतिसाद : वाचाउपचार, मिरज

बाईंनी काढलेली शंका रास्त आहे. ‘हे काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असताना विचारला की ती परीक्षा होते, आणि मुलांना ते लगेच कळते. आठवायला लावणे म्हणजे गरज निर्माण करणे. आजोबांनी ‘हळद कुठे ठेवायचे रे? मला नावच सुचेना’ असे म्हणावे, किंवा मावशीला फोनवर हरिपूरची हकिगत सांगायला लावावी, म्हणजे तो शब्द मुलाला स्वतःलाच हवासा होतो. दिवसातून एका शब्दासाठी असे तीन-चार प्रसंग पुरेत, आणि पाहुण्यांसमोर एकही नको.

क्रियेच्या आधी शब्द सांगण्याची बाईंची पद्धत मायकेल टोमासेलो आणि ॲन क्रूगर यांनी 1992 साली लहान मुलांवर तपासली होती आणि क्रिया होण्याच्या बेतात असताना ऐकलेली क्रियापदे अधिक चांगली शिकली जातात, असेच त्यांना आढळले. तासगावच्या दादांच्या चिठ्ठ्यांनाही आधार आहे : जेसी रिकेट्स आणि सहकाऱ्यांच्या 2015 मधील अभ्यासात, नवा शब्द शिकताना त्याचे लिखित रूप दिसत राहिले तर भाषा विकार असलेल्या शाळकरी मुलांनाही त्याचा लाभ झाला. चिठ्ठीवर बोट ठेवून ‘बघ, असे लिहितात’ असे शिकवण्याचीही गरज नाही, ती नजरेसमोर असली म्हणजे पुरे.

भाषेविषयी शंका ठेवू नका. दोन भाषा कानावर पडल्याने हा विकार होत नाही, आणि एक भाषा बंद केल्याने तो कमीही होत नाही. घरच्यांना जी भाषा भरभरून, सहज येते तीच घरात बोलावी. शाळेतला इंग्रजी शब्द ज्या कल्पनेचा आहे, ती कल्पना आधी मराठीत पक्की झाली तर इंग्रजी नावाला चिकटायला जागा मिळते. शाळेला हेही सांगा की हा विकार दुर्मीळ नाही. इंग्लंड-अमेरिकेतील मोठ्या पाहण्यांत तो सुमारे 7 टक्के मुलांत आढळला आहे, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात सरासरी दोन. पूर्वी याला निरनिराळी नावे होती. 2017 साली डोरोथी बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तज्ज्ञांचे एकमत घडवून सध्याचे नाव रूढ केले, त्यामुळे जुन्या शिक्षकांच्या ते कानावर नसले तर नवल नाही.

ज्यांना खासगी उपचार परवडत नाहीत अशा वाचकांसाठी : 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि तिच्यात भाषेतील विलंबाचाही समावेश आहे. अंगणवाडीत किंवा शाळेत पथक येते तेव्हा स्वतःहून सांगावे. उपचारतज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हेही विचारावे.

प्रश्नकर्ती : विश्रामबागची आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यादी काढून तीन आठवडे झाले. या काळात आम्ही एकूण नऊच शब्द घेतले, आणि त्यातले सहा त्याला न सुचवता येतात. बाईंच्या सांगण्यावरून ‘पाखडणे’ घेतले, पण घरात सूप नव्हते, ते गणपती पेठेतून आणावे लागले. आता तो रोज काहीतरी पाखडायला मागतो आणि सगळा ओटा टरफलांनी भरतो.

पेवाचे असे झाले. आजोबांनी ठरल्याप्रमाणे ‘मला नाव सुचेना’ म्हटले. पहिल्या दोन दिवशी तो नुसता हसला. तिसऱ्या दिवशी ‘पे’ ऐकून ‘पेन’ म्हणाला, आजोबांनी चेहऱ्यावर काही दिसू न देता बरोबर शब्द सांगितला. काल धाकट्या आतेभावाला हरिपूरची गोष्ट सांगताना कोणीही न विचारता ‘पेवात हळद’ असे त्याच्या तोंडून आले, म्हणजे मूळ रूपाआधी बदललेलेच रूप आले. हे चालते का, की मूळ रूपावर पुन्हा यावे?

प्रतिसाद : वाचाउपचार, मिरज

चालते, आणि उत्तम चालते. शब्द त्याने स्वतःच्या वाक्यात, स्वतःच्या कामासाठी वापरला आहे. आता चार-पाच दिवस त्याला हा शब्द मुद्दाम विचारू नका, मग आजोबांना पुन्हा एकदा विसरू द्या.